ड्रिल बिटची धार आणि आपली टाइमशीट

घरात ड्रिल मशीन असलेल्या कुठल्याही माणसाचा खण उघडून बघा. चार-पाच तरी बोथट झालेली बिटं त्यात पडलेली असतात. टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत. लोखंडी पट्टीत भोक पाडायला घेतलं की बिट जागच्या जागी गरगर फिरतं, कर्कश आवाज येतो, थोडा धूर निघतो, आपण अजून जोर लावतो. शेवटी "हल्ली मालच चांगला मिळत नाही" असं म्हणत रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन नवीन सेट घेऊन येतो. तोही सहा महिन्यांत त्याच खणात जातो.

गंमत म्हणजे ही वस्तू फेकून द्यायची आहे असं तिच्या निर्मात्यांच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. पुन्हा पुन्हा धार लावता यावी हा तिच्या रचनेतलाच एक मोठा फायदा. मग धार लावण्याचं काम आपल्या हातून गेलं कधी? हे शोधायला लागलं की वाटेत असा एक माणूस भेटतो, ज्याच्यामुळे बिट लाल होईपर्यंत तापलं तरी कापत राहतं आणि बऱ्याच अंशी ज्याच्यामुळे आपण दर शुक्रवारी टाइमशीट भरतो. पण त्याच्याकडे जायच्या आधी थोडं मागे जाऊ.

भोक पाडणं हे माणसाच्या अगदी जुन्या उद्योगांपैकी एक. बलुचिस्तानातल्या मेहरगढला ७५०० ते ९००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दाढा सापडल्या, त्यांत गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकं आहेत. एकूण नऊ माणसांच्या अकरा दाढा, आणि त्याही जिवंतपणी कोरलेल्या! २००६ साली 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी तांबड्या अकीकाचे लांबलचक मणी केले. त्यांना आरपार भोक पाडायला ते एका खास कठीण दगडाची बारीक बिटं वापरत. सिंधमधलं चन्हुदडो खणणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून पुरातत्त्वज्ञांनी त्या दगडाला 'अर्नेस्टाइट' असं नाव दिलंय. अशी बिटं कच्छमधल्या धोलावीरालाही मिळाली आहेत. प्रयोग करून पाहिलं तर वेग निघाला तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर. म्हणजे आठ-दहा सेंटिमीटरचा एक मणी म्हणजे नुसतं भोक पाडण्याचंच कित्येक दिवसांचं काम. खंबायतचे मणी करणारे कारागीर हेच काम धनुष्य मागेपुढे ओढून, हिऱ्याचे कण बसवलेल्या टोकाने करतात. आपल्याकडच्या सुतारांचा दोरीने फिरवायचा सामता हा त्याच घराण्यातला.

ह्या सगळ्या हत्यारांत एक गोष्ट समान आहे. ती माल कापत नाहीत, खरवडतात. धातूसाठी शेकडो वर्षं जे बिट वापरात होतं तेही तसंच होतं. लोहार सळईचं टोक ठोकून चपटं करायचा, त्याला भाल्यासारखा आकार द्यायचा आणि कडक करायचा. झालं बिट. ह्याला 'फ्लॅट ड्रिल' म्हणत. ते करायला सोपं होतं, पण त्याच्या तीन खोडी होत्या. एक, निघालेला किस भोकातच अडकून बसायचा, त्यामुळे दर थोड्या वेळाने बिट बाहेर काढून भोक साफ करावं लागायचं. दोन, कड धातूला सरळ उभी भिडायची, त्यामुळे ताकद फार लागायची. आणि तिसरी खोड सगळ्यात महत्त्वाची. चपटं टोक मागच्या बाजूला निमुळतं होत जायचं, त्यामुळे धार लावली की रुंदी कमी व्हायची. म्हणजे सकाळी पाडलेलं भोक आणि दुपारी पाडलेलं भोक एका मापाचं असेल ह्याची खात्री नाही.

एखाद-दुसऱ्या भोकासाठी हे चालून जातं. लाखो भोकं पाडायची असली की नाही चालत.

आता अमेरिकेत, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात जाऊ. साल १८६१. यादवी युद्ध नुकतंच पेटलंय आणि प्रॉव्हिडन्स टूल कंपनीकडे उत्तरेच्या सैन्यासाठी बंदुका बनवायचं काम आहे. ह्या बंदुकांना एक छोटी तोटी असायची, तिला निपल म्हणत. तिच्यावर स्फोटक टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी तोटीच्या भोकातून आत दारूपर्यंत जायची. प्रत्येक बंदुकीला एक तोटी, प्रत्येक तोटीत एक बारीक भोक.

ते भोक पाडायला कारखान्यात पीळदार खाचांची बिटं, म्हणजे ट्विस्ट ड्रिल वापरत होते. बिट उत्तम होतं, पण ते तयार कसं करायचे? कारागीर पोलादाच्या बारीक सळईवर गोल कानशीने, हाताने, गोल गोल जाणारी खाच घासत बसायचे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये एक सपाट चौकोनी तुकडा काटकोनात आणताना आपल्या सगळ्यांच्या तोंडाला फेस आला होता, तो आठवा. मग पेन्सिलीहून बारीक सळईवर दोन समान पीळदार खाचा घासायची कल्पना करा. तेही दररोज.

कंपनीचे फ्रेडरिक हाऊ हे काम बघून अस्वस्थ झाले आणि गावातल्याच जोसेफ ब्राऊन यांच्याकडे गेले. हे ब्राऊन म्हणजे 'ब्राऊन अँड शार्प'मधले ब्राऊन. ही खाच मशीनवर पाडता येईल का, हा हाऊंचा प्रश्न. ब्राऊन यांनी उत्तर म्हणून जे मशीन बनवलं ते म्हणजे युनिव्हर्सल मिलिंग मशीन. त्यात सळई हळूहळू फिरतही होती आणि त्याच वेळी कटरखालून पुढेही सरकत होती. पहिलं मशीन मार्च १८६२ मध्ये प्रॉव्हिडन्स टूल कंपनीला मिळालं. ब्राऊन यांच्या लक्षात आलं होतं की ज्या मशीनवर पीळ कापता येतो त्याच मशीनवर गिअरचे दातेही कापता येतील आणि इतर शंभर कामं करता येतील. पुढची अनेक दशकं जगभरच्या टूलरूममध्ये जे मशीन मानाने बसलं त्याचा जन्म हा असा, एका बारीक बिटाच्या खाचेपायी.

साधारण त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्ट ब्रिजवॉटरचे स्टीफन मोर्स ट्विस्ट ड्रिलवर काम करत होते. ७ एप्रिल १८६३ ला त्यांना पेटंट मिळालं आणि १८६४ साली न्यू बेडफर्ड ह्या देवमाशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या बंदरात त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. लेथच्या टेलस्टॉकमध्ये बसणारा 'मोर्स टेपर' आठवतोय का? तेच हे मोर्स.

ह्या पिळाने नेमकं काय साधलं? किस खाचेतून आपोआप वर चढत बाहेर यायला लागला. पिळामुळे कापणारी कड पुढे झुकली, त्यामुळे ती खरवडायच्या ऐवजी खरोखर कापायला लागली. आणि तिसरं, जे आपण विसरलोय: बिटाचा व्यास जवळजवळ पूर्ण लांबीभर सारखाच राहिला. म्हणजे टोक घासून धार लावली की बिट फक्त लांबीला कमी होतं, जाडीला नाही. ६ मिमीचं बिट दहा वेळा धार लावून झाल्यावरही ६ मिमीचंच भोक पाडतं. फ्लॅट ड्रिलची सगळ्यात वाईट खोड गेली. आपण फेकून देतो त्या बिटात ही सोय आजही जशीच्या तशी असते. खाच संपेपर्यंत ते बिट जिवंत असतं!

आता त्या माणसाकडे येऊ. फ्रेडरिक टेलर. फिलाडेल्फियाच्या मिडवेल स्टील कंपनीत साधा कामगार म्हणून लागला आणि वर चढत गेला. १८८० साली त्याने एक प्रश्न हातात घेतला: धातू कापताना हत्याराचा आकार कसा असावा, वेग किती असावा, खोली किती असावी? उत्तर मिळायला २६ वर्षं लागली. त्याच्याच हिशोबाप्रमाणे नोंद ठेवलेले प्रयोग तीस ते पन्नास हजार आणि किस करून टाकलेलं लोखंड आठ लाख पौंड, म्हणजे साडेतीन लाख किलोच्या वर. बारा वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींवर परिणाम करतात असं निघालं. मग कामगाराला झटपट उत्तर मिळावं म्हणून खास स्लाइड रूल बनवले गेले. हे सगळे प्रयोग मुख्यतः लेथच्या हत्यारांवर झाले, पण फायदा ड्रिललाही मिळाला.

कसा, तर १८९८ साली टेलर बेथलेहेम स्टीलमध्ये गेला आणि तिथे मॉन्सेल व्हाइट ह्या धातुतज्ज्ञाबरोबर त्याने टंगस्टन आणि क्रोमियम असलेलं हत्यारांचं पोलाद वितळायच्या बेतापर्यंत तापवून पाहिलं. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे एवढं तापवलं की पोलाद वाया गेलं. इथे उलटं झालं. साधं कार्बन पोलाद दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, हे मात्र सहाशेच्या आसपासही टिकून राहिलं. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी पाहिलं की हत्याराचं टोक तापून लाल झालंय, किस निळा पडून बाहेर येतोय आणि तरी मशीन चालूच आहे. ह्यालाच 'हाय-स्पीड स्टील' म्हणतात. आपल्या बिटाच्या दांड्यावर 'एचएसएस' अशी तीन अक्षरं असतात ती हीच.

पण टेलर नुसत्या पोलादावर थांबला नाही. कारखान्यात त्याने पाहिलं की प्रत्येक कामगार आपापल्या समजुतीप्रमाणे हत्याराला धार लावतो. एकाचा कोन असा, दुसऱ्याचा तसा. त्यामुळे अमुक काम किती वेळात व्हायला हवं हे सांगताच येत नाही. त्याचं उत्तर सरळ होतं: कामगाराने धार लावायचीच नाही. हत्यारं टूलरूममध्ये, ठरलेल्या साच्याप्रमाणे, शक्यतो ऑटोमॅटिक ग्राइंडरवर धार लावून तयार मिळतील. कामगाराने ती घ्यायची आणि कार्डावर लिहिलेल्या वेगाने वापरायची. कोन ठरवणारा एक, धार लावणारा दुसरा, वापरणारा तिसरा. ह्याच विचाराचा पुढचा भाग म्हणजे स्टॉपवॉच. काम तुकड्या-तुकड्यांत तोडायचं, प्रत्येक तुकड्याला वेळ लावायचा आणि बेरीज करायची. १९११ साली 'प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' हे त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी स्टॉपवॉचच्या विरोधात संप केला. प्रकरण अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपर्यंत गेलं.

काही ओळखीचं वाटतंय? :-) टास्क तोडा, एस्टिमेट द्या, तास भरा. डिझाइन करणारा वेगळा, कोड लिहिणारा वेगळा, प्रॉडक्शनला काय झालं ते बघणारा वेगळा. आपल्याला वाटतं हे सगळं सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधून काढलंय. ह्याची मुळं मात्र लोखंडाच्या किसात आहेत.

इथे टेलरला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. धारेच्या बाबतीत त्याचं म्हणणं खरंच होतं. ट्विस्ट ड्रिलच्या दोन कडा समान लांबीच्या आणि समान कोनात असाव्या लागतात. एक कड जरा लांब राहिली की टोक मधोमध राहत नाही, सगळा भार एकाच कडेवर येतो आणि भोक बिटापेक्षा मोठं पडतं. विमानाच्या पंखाला हजारो भोकं पाडायची असतील तर 'मला जमतं तसं' चालणार नाही. तिथे मशीनवरच धार लावली पाहिजे. त्याची चूक दुसरीकडे आहे असं मला वाटतं. धार लावायचं काम कामगाराकडून काढून घेताना त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली: बिट बिघडतंय हे आवाजावरून, हाताला लागणाऱ्या जोरावरून आणि किसावरून ओळखायची सवय. जो धार लावतो त्यालाच कळतं की ती कशाने गेली.

आणि मग हे हत्यार घरात आलं. हातात धरायचं विजेचं ड्रिल जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली केलं होतं, पण ते अवजड होतं. बाल्टिमोरच्या डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर यांना १९१७ साली पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली चाप असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, त्यांनी घरगुती गिऱ्हाइकासाठी स्वस्त ड्रिल काढली. मशीन घरी आलं. टूलरूम मात्र कारखान्यातच राहिली. आपल्या खणातल्या बोथट बिटांचं मूळ हे असं आहे.

तर आता ती टूलरूम घरी आणायची. छोटा बेंच ग्राइंडर आणि डोळ्यांना गॉगल, एवढ्यावर होतं. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालायचे नाहीत, ते गुंडाळले जातात. सुरुवात ३ मिमीच्या बिटाने करू नका, टोक दिसतच नाही. १० मिमीचं जुनं बिट घ्या.

आधी टोकाकडे नीट बघा. दोन कडा आहेत, त्यांच्यामधला कोन ११८ अंश. हा कोन ठेवला की नेहमीच्या खाचेच्या बिटाची कड सरळ रेषेत येते. कडेच्या मागचा भाग कडेपेक्षा ८ ते १२ अंशांनी उतरता असतो. हा उतार नसेल तर कड धातूपर्यंत पोचतच नाही, मागचा भागच घासत राहतो. घरच्या बहुतेक धार लावलेल्या बिटांचं दुखणं हेच असतं. बिट चकचकीत दिसतं पण कापत नाही. आणि अगदी मधोमध दोन कडांना जोडणारी छोटी आडवी रेघ असते. ती कापत नाही, धातूला नुसती रेटते. जोर लावावा लागतो त्यातला मोठा वाटा तिचाच. म्हणून मोठं भोक पाडायच्या आधी पंच मारून बारीक भोक पाडून घेतात. धार लावून लावून बिट आखूड होत गेलं की ही रेघ लांब होते, कारण मधला गाभा दांड्याकडे जाड होत जातो. मग ती दोन्ही बाजूंनी थोडी घासून कमी करावी लागते.

कृती अशी. बिट चाकाच्या तोंडाशी ५९ अंशांत, म्हणजे ११८ च्या निम्म्यात धरा, कड आडवी ठेवा. कड चाकाला अलगद टेकवा आणि दांड्याकडचा हात हळूच खाली न्या. त्या हालचालीतच मागचा उतार तयार होतो. बोटांची पकड न बदलता बिट अर्धा फेरा फिरवा आणि दुसऱ्या कडेला तेवढेच हात द्या. मोजून. चाकाच्या बाजूच्या सपाट अंगावर घासू नका, फक्त तोंडावर. कार्बन पोलादाचं बिट निळं पडलं की कामातून गेलं. एचएसएस तेवढं नाजूक नाही, पण ते खूप तापलं असेल तर एकदम पाण्यात बुडवू नका, सूक्ष्म तडे जातात.

कोन तपासायला गेज नसेल तर दोन सारखे षट्कोनी नट सपाट बाजूला सपाट बाजू लावून शेजारी ठेवा. त्यांच्यामध्ये जो 'व्ही' तयार होतो तो १२० अंशांचा. आपल्या कामाला पुरेसा जवळ. आणि खरी परीक्षा भोक पाडतानाच होते. साध्या लोखंडात दोन्ही खाचांतून सारखे, वळलेले किस वर येत असतील तर धार जमली. एकाच बाजूने येत असतील तर दुसरी कड नुसती प्रवासाला आलीय.

वेगाचं गणितही सोपं आहे. साध्या लोखंडात एचएसएस बिटाची कड मिनिटाला साधारण २५ मीटर पळावी. म्हणजे ६ मिमीच्या बिटाला सुमारे १३०० फेरे, १० मिमीला ८००. स्टेनलेस स्टीलला मिनिटाला १० मीटरच धरा, म्हणजे ६ मिमीला पाचशेच्या आसपास फेरे, आणि जोर मात्र सोडू नका. बिट जागेवर घासत राहिलं की स्टेनलेस आणखी कडक होतं. भिंतीच्या बिटाला हे काही लागू नाही. त्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड असतं, आपल्या वर्कशॉपमध्ये त्याला 'विडिया' म्हणतात. जर्मनीत १९२०च्या दशकात क्रुपने ते त्या नावाने आणलं. नावाचा अर्थ 'हिऱ्यासारखं'. ग्राइंडरचं नेहमीचं करडं चाक त्याच्यापुढे चालत नाही.

पहिल्या दोन-तीन बिटांना वेळ लागेल आणि ती आखूडही होतील. हिशोबी माणूस म्हणेल, एवढ्या वेळात नवीन सेट आला असता. खरंय, तासाच्या दराने बघितलं तर हा उद्योग परवडत नाही. पण तासाचा दर लावून बघायची सवय आपल्याला कुणी लावली ते वर आलंच आहे. शनिवारचा एक तास असा असू द्यावा की ज्याचं एस्टिमेट कुणी मागत नाही, आणि जिथे कोन ठरवणारा, धार लावणारा आणि भोक पाडणारा माणूस एकच असतो. भोक वाकडं पडलं तर का पडलं हे त्यालाच कळतं आणि दुरुस्तही त्यालाच करता येतं.

असो. खणातलं सगळ्यात जाड बोथट बिट काढा आणि आधी नुसतं भिंगातून त्याच्या टोकाकडे बघा. कड कुठे गोल झालीय ते लगेच दिसेल.